सोंग घेणे, सोंग उतरवणे

आजच्या रायगड जिल्ह्यास १९८१ पर्यंत कुलाबा असे नाव होते, आणि या लेखातील बहुतेक गोष्टी त्या नावाच्या काळातील असल्यामुळे तेच नाव येथे वापरणे सोयीचे होईल. अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन ही किनाऱ्यावरची गावे आणि सावित्रीच्या खाडीने समुद्राशी जोडलेले महाड यांचा इतिहास सांगू लागले की आंग्र्यांचे आरमार, जंजिऱ्याचा सिद्दी आणि श्रीवर्धनच्या भट देशमुखांच्या घरातून निघून साताऱ्याच्या दरबारी पेशवेपदास पोहोचलेला बाळाजी विश्वनाथ ही नावे ओघानेच पुढे येतात. परंतु ज्यांचे नाव दप्तरात सारा किंवा खंड थकला तरच लागावयाचे, अशी सामान्य माणसे वर्षातल्या काही ठराविक दिवशी आपले नाव, आपला हुद्दा, क्वचित आपले स्त्रीपुरुषपणही बाजूला ठेवून दुसरेच कोणी होत असत, आणि हे दुसरे कोणी होणे गावाला केवळ मान्यच नव्हे तर आवश्यक वाटत असे, या गोष्टीचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

तो आता सांगण्यास एक निमित्त आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाने गॉटलंड बेटावरील आपल्या शाखेत, भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांची रचना कशी केली असता खेळणाऱ्याच्या आयुष्यात इष्ट पालट घडतो, याचे रीतसर अध्ययन चालविले असून सारा लिन बोमन यांच्यासारखे पंडित त्यावर ग्रंथ आणि निबंध लिहीत आहेत. या शास्त्राची वंशावळ फार जुनी नाही. प्रशियाच्या लष्करात १८२४ च्या सुमारास अधिकाऱ्यांना पटावर युद्धे खेळावयास लावीत. १९२१ साली व्हिएन्नात याकोब मोरेनो याने पूर्वरचित संवादाशिवाय नाट्य उभे करण्याचे प्रयोग आरंभिले आणि त्यातून मनोविकारांवर उपचार करण्याची एक पद्धती निघाली. १९३८ मध्ये हॉयझिंगा या डच इतिहासकाराने खेळ हा संस्कृतीच्या मुळाशी आहे असे प्रतिपादन केले. आणि १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स व आर्नेसन या दोघांनी योद्धे, मांत्रिक आणि भुयारे यांचा जो खेळ छापून विकावयास काढला, त्याने घरबसल्या दुसरे कोणी होण्याची चटक लक्षावधी तरुणांना लावली. या सर्वांतून अभ्यासकांनी काढलेले निष्कर्ष थोडक्यात असे की, भूमिका माणसाला एरवी न मिळणारी मुभा देते. भूमिकेतील भावना खेळणाऱ्याच्या खऱ्या आयुष्यात आणि खऱ्या आयुष्यातील भावना भूमिकेत झिरपत असतात. आणि हे झिरपणे उपकारक ठरावे की अपायकारक, हे मुख्यतः खेळाच्या आधीच्या तयारीवर आणि खेळ संपल्यावर भूमिका कशी उतरविली जाते यावर अवलंबून असते. हे वाचल्यावर कुलाब्याच्या किनाऱ्याशी ओळख असलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो शिमग्याचा.

फाल्गुनात कोळीवाड्यांत पोफळीचा किंवा सावरीचा सोट उभा राहिला की पौर्णिमेपासून रंगपंचमीपर्यंत गावाचा कायदा निराळा होई. एरवी ज्या वाटेने खोताच्या वाड्यावरून मान खाली घालून जावयाचे, त्याच वाटेने बोंब मारीत, डफ वाजवीत, पोस्त मागत जाण्याचा हक्क या दिवसांत कुळाला वहिवाटीने प्राप्त होत असे. मिशा असलेला गडी नऊवारी नेसून मुरडत चाले, कोणी साहेबाची टोपी घाली, कोणी शिपायाचा पट्टा बांधून लोकांना अडवी आणि खोटेच समन्स बजावी, कोणी भटजी होऊन भलतेच मंत्र म्हणे. ज्याची नक्कल होई तो समोर उभा असला तरी त्याने हसावयाचे, आणि हसता हसता चार आणे काढून द्यावयाचे, हा दस्तुर होता. जो रागावेल त्याच्या दाराशी बोंब दुपटीने वाढे. विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारक मंडळींनी या साऱ्या प्रकारास ग्राम्य आणि अश्लील ठरवून त्याच्या जागी सभ्य करमणुकीची संमेलने भरविण्याचा खटाटोप केला, आणि अश्लीलतेविषयी त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. तथापि त्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली. या धिंगाण्याला पंचांगाची चौकट होती, हद्द होती, आणि सोंग उतरविण्याचा दिवसही ठरलेला होता. रंग धुऊन अंगावर पुन्हा लंगोटी-मुंडासे आले की समन्स बजावणारा शिपाई पुन्हा कूळ होई, आणि शिमगा गेला तरी कवित्व उरते हे खरे असले तरी ते कवित्व खंडाच्या हिशेबात कोणी धरीत नसे.

शिमगा हा माणूस बदलण्यासाठी रचलेला खेळच नव्हता; माणूस वर्षभर बदलू नये, एवढ्यासाठी त्याला पाच-सहा दिवस बदलू देणारा तो एक चतुर बंदोबस्त होता, असे माझे मत आहे. खोताची नक्कल पिढ्यान् पिढ्या झाली, पण तिच्यामुळे एका पायलीचाही खंड माफ झाल्याचे कोणी सांगत नाही. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, हे कुळाला खोताइतकेच ठाऊक होते. खोती हादरली ती अलिबागेजवळच्या चरी आणि भोवतालच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली जमीन न कसण्याचा निश्चय केला आणि उपासमार सोसून तो १९३९ पर्यंत टिकविला तेव्हा. आणि ती कायद्याने गेली १९४९ साली. त्या संपात सोंग नव्हते, डफ नव्हता, आणि पंचमीला संपेल असे काहीच नव्हते.

पुरुषांच्या या उघड्यावरच्या खेळापेक्षा बायकांचा माजघरातला खेळ रचनेच्या दृष्टीने मला अधिक सूक्ष्म वाटतो. श्रावणातील मंगळवारी, लग्नानंतरची पाच वर्षे, नवपरिणीत मुलीने मंगळागौर पुजावयाची आणि रात्र खेळून जागवावयाची, ही चाल रेवदंडा, नागाव, मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर येथील ब्राह्मण वस्त्यांत घरोघर होती. मुलगी म्हणजे किती मोठी? १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदावर नेण्यापूर्वी, नऊ-दहा वर्षांची वधू ही काही नवलाची गोष्ट नव्हती. कालपर्यंत परसात भातुकलीची चूल मांडून, बाहुलीचे लग्न लावून, विहीणबाईचा रुसवा काढण्याचा सराव करीत असलेली पोर आज खरोखरीच विहिणींच्या मधोमध येऊन पडे. भातुकली ही या मुलींची तालीम होती, आणि तालीम म्हणून ती कठोरच होती. तीत बाई होण्याखेरीज दुसरी भूमिका मिळत नसे.

मंगळागौरीच्या रात्री मात्र भूमिकांची वाटणी निराळी होई. सकाळी पत्री वाहून, वसोळ्यांबरोबर मौनाने जेवून, संध्याकाळची आरती झाली की पुरुष ओटीवर जात आणि आतले दार लोटले जाई. मग झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा, गाठोडे हे अंग मोकळे करणारे खेळ, आणि अंग मोकळे झाले, घाम आला, दम लागला, लाज गेली की मग भांडणाचे खेळ. दोघी कमरेवर हात ठेवून समोरासमोर येत. एक सवत होई, दुसरी सवत होई. किंवा एक सासू होई आणि बाकीच्या सुना. फेराच्या गाण्यांत सुनेने माहेरी जाण्याची परवानगी मागावी आणि सासूने आधी कारल्याचा वेल लावावयास सांगावा, वेल लागला तर त्याला कारले धरू द्यावे, धरले तर त्याची भाजी करावी, केली तर ती खाऊन, उष्टे काढून मग जावे, असा एकेका ऋतूने लांबणारा नकार आहे. यात सासूची भूमिका करणारी मुलगी जितकी नकलेत पटाईत तितका खेळ रंगे; ती घरातल्याच कोणाची तरी चालण्याची लकब, पदर सावरण्याची तऱ्हा, किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचण्याची रीत उचली आणि नाव मात्र घेत नसे. आणि खऱ्या सासवा कोठे असत? त्या तेथेच, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसलेल्या असत. चुलीपाशी जे बोलण्याची छाती झाली नसती ते त्यांना मधल्या घरात, ताल धरून, सर्वांच्या देखत ऐकून घ्यावे लागे, आणि खेळातले मनाला लावून घ्यावयाचे नसते या नियमाने त्यांचे तोंड बांधलेले असे. पाश्चात्त्य अभ्यासक ज्याला भूमिकेची मुभा म्हणतात ती याहून चोख कोणत्या प्रयोगशाळेत तयार झाली असती, याची मला कल्पना करवत नाही.

येथे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात भिंत नसे, हे विशेष. पहाटेकडे सासवांपैकीच कोणी पदर खोचून फेरात उतरे आणि गंमत म्हणून सुनेची बाजू घेई. चाळीस वर्षांपूर्वी ती बाजू तिने खरोखरीच भोगलेली असे. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होऊन गौर पाण्यात सोडली की खेळ संपला, भूमिका उतरली. काय उरले? या खेळाने सासुरवास गेला नाही, आणि सून होऊन नाचलेली मुलगी पुढे सासू झाल्यावर वेल लावावयास सांगतच राहिली. त्या अर्थी तो शिमग्याचाच घरगुती भाऊबंद. परंतु जी पोर आपले दुःख हे आपलेच कर्म समजून आली होती तिला एका रात्रीत कळले, की फेरातल्या प्रत्येकीचे तेच आहे, त्याला चाल आहे, ताल आहे आणि ते मोठ्याने म्हणता येते. एवढा पालट खेळाने घडवून आणावा हे थोडे नाही, आणि त्याहून अधिक काही घडावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

ती अपेक्षा ठेवून, म्हणजे माणूस आतून बदलावा हा हेतू उघड धरून, भूमिकेचा उपयोग मराठीत प्रथम मोठ्या प्रमाणावर कोणी केला असेल तर तो पैठणच्या एकनाथांनी, सोळाव्या शतकात. त्यांची भारुडे घाटावर जन्मली तरी हरिनामाच्या सप्ताहांबरोबर ती या किनाऱ्यावर पोहोचली, आणि अलिबागेनजीक वरसोलीच्या विठोबाची कार्तिकातील यात्रा किंवा आगरी-कोळी गावांतील सप्ताह यांच्या निमित्ताने सोंगी भजनाचे फड येथेही उभे राहिले. भारुडाची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. टाळकऱ्यांच्या मधून एकाएकी कोणी जोशी, कोणी वाघ्या, कोणी विंचू चावलेला माणूस थयथयाट करीत पुढे येतो. मंडळी हसून लोटपोट होतात. आणि हसणे ओसरण्यापूर्वीच तोच सोंगाड्या, वेष न बदलता, आवाज बदलून निरूपण करू लागतो. ज्या भारुडात सून भवानीआईला रोडग्याचा नवस करून सासरा, सासू, जाऊ, नणंद एकेक करून दूर कर म्हणते, ते लुगडे नेसून, कपाळावर मळवट भरून एखादा राकट खलाशी म्हणू लागला की बायका तोंडाला पदर लावून हसत. मग तो सांगे की हे सासरचे गोत म्हणजे तुझ्याच मनातील अहंकार, कल्पना आणि विकार आहेत बाई, आणि ते गेल्यावर जी एकटी उरते ती कोण, ते बघ. मंगळागौरीत नणंद ही नणंदच होती. येथे तिचे एका क्षणात रूपक झाले. उप्सालाचे पंडित खेळानंतर सर्वांना गोल बसवून काय वाटले ते बोलावयास लावतात आणि त्या संभाषणास खेळाइतकेच महत्त्व देतात. नाथांनी ते संभाषण खेळाच्या पोटातच शिवून टाकले. माझ्या मते त्यात एक उणीवही आहे: निरूपण फक्त सोंगाड्या करतो, ऐकणारा मान डोलवितो. सुनेचे दुःख मायेच्या खात्यावर जमा झाले की त्याची वसुली सासूकडून करता येत नाही, ही अडचण नाथांना दिसली नसेल असे म्हणवत नाही, पण त्यांचे लक्ष्य निराळे होते.

दक्षिणेकडे, महाड, पोलादपूर, म्हसळे, श्रीवर्धन या बाजूस कुणबी गड्यांचा जाखडी किंवा बाल्या नाच असतो, त्याचाही ओझरता उल्लेख करावयास हवा. पायांत चाळ बांधून गोल नाचणारे गडी आणि मधोमध दोन फडांचे शाहीर. एक फड शक्तीचा, दुसरा तुऱ्याचा. शक्तीवाल्याने माया श्रेष्ठ म्हणावयाची, तुरेवाल्याने शिव, आणि सवालजवाबात रात्र घालवावयाची. कोणती बाजू घ्यावयाची ते शाहिराच्या विश्वासावर नसून गुरूच्या घराण्यावर ठरते. मुंबईच्या गिरण्यांत बारा तास मुकाट्याने राबणारा माणूस गणपतीला गावी येऊन सृष्टीच्या उत्पत्तीवर पहाटेपर्यंत युक्तिवाद करीत असे, ही गोष्ट मला नेहमीच मोठी वाटत आली आहे.

आता महाड. वरील सर्व खेळांत एक गोष्ट गृहीत होती: खेळणाऱ्याला स्वतःची एक भूमिका आहे, ती तो काही काळ उतरवून ठेवतो आणि परत घेतो. परंतु याच किनाऱ्यावर असा एक समाज होता की ज्याच्या अंगावर जन्मतःच एक सोंग चढविले होते, त्याचा वेष, दागिन्यांची धातू, उभे राहण्याची जागा, पाणी पिण्याचे ठिकाण दुसऱ्यांनी ठरविले होते, आणि ते उतरविण्यासाठी पंचांगात एकही दिवस नव्हता. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर करवून घेतला, महाडच्या नगरपालिकेने तदनुसार चवदार तळे खुले केल्याचे १९२४ मध्ये कागदावर नमूदही केले, आणि कागद दप्तरात राहिला. १९२७ च्या १९ आणि २० मार्चला रामचंद्र बाबाजी मोरे प्रभृतींनी भरविलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या शेवटी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून शेकडो माणसे रांगेने तळ्यावर गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले. पाणी पिण्याहून साधी कृती नाही; तिच्यासाठी पुढे मारहाण झाली, पंचगव्याचे १०८ घडे ओतून तळे शुद्ध करण्यात आले आणि दिवाणी दावा १९३७ साली उच्च न्यायालयात निकाली निघेपर्यंत दहा वर्षे गेली.

डिसेंबरात परिषद पुन्हा भरली. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, ते सर्वश्रुत आहे. परिषदेसाठी आलेल्या स्त्रियांपुढे बाबासाहेबांनी केलेले भाषण तितकेसे आठवले जात नाही. त्यात त्यांनी सांगितले की तुमची लुगडी नेसण्याची रीत, गळ्यातील माळांचे ओझे, कोपरापर्यंतचे कथलाचे आणि चांदीचे गोट ही तुमच्या अस्पृश्यतेची ओळखपत्रे आहेत. ती टाका, अंगभर नेसा, मुलींना शिकवा. स्त्रियांनी ते पुढच्या सणावर किंवा पुढच्या पिढीवर ढकलले नाही. चळवळीत सामील झालेल्या टिपणीस आणि चित्रे या घरांतील स्त्रियांनी त्यांना घोट्यापर्यंत लुगडे कसे नेसावे ते दाखविले, आणि त्या बदललेल्या नेसणीत त्या परिषदेतून परतल्या. वर्षानुवर्षे गुडघ्यापर्यंत नेसलेले लुगडे सोडून निऱ्या मोजणे, त्या खोचणे, घोळ पायाला अडखळतो म्हणून चार पावले सांभाळून टाकणे, शेजारणीकडे पाहून हसणे आणि तिने हसणे, ही त्या घटनेची बाह्य बाजू मंगळागौरीच्या किंवा शिमग्याच्या तयारीहून फारशी निराळी दिसली नसेल. याला खेळ म्हणणे मात्र अनुचित होईल, कारण हा वेष उतरविण्यासाठी घेतलेलाच नव्हता. किंबहुना त्या दिवशी जे अंगावरून गेले तेच सोंग होते. गावी परतल्यावर या नेसणीसाठी त्यांना काय सोसावे लागणार होते याची जाणीव असूनही त्यांनी ती केली.

त्यानंतरच्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी उभे केलेले आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाच्या जलशांकडून त्यांनी तमाशाचा साचा घेतला, शृंगार वगळला, आणि वगात सावकार, भटजी, पाटील ही पात्रे अशा रीतीने उभी केली की पाहणाऱ्याने हसून पोस्त टाकून घरी न जाता सकाळी काहीतरी करावे: मेलेले ढोर ओढण्यास नकार द्यावा, पोराचे नाव शाळेत घालावे. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल याने १९७० नंतर प्रेक्षकालाच नट करणाऱ्या आपल्या रंगभूमीसाठी जगभर कीर्ती मिळविली ती सार्थच आहे. फक्त सावित्रीकाठच्या माणसास त्यात फार नवल वाटणार नाही.

या साऱ्यांपैकी आज काय चालू आहे? शिमगा आहे, पण खोत नाही, त्यामुळे नकलेला विषय शोधावा लागतो. जाखडीची स्पर्धा होते, तिकिटे लागतात, मुंबईच्या नाट्यगृहांत खेळ रंगतात. भारुडाला दूरदर्शनने काही वर्षे जीव दिला. महाडला २० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन्ही दिवशी लोटणारी गर्दी वर्षागणिक वाढते आहे. आणि मंगळागौर माजघरातून मंगल कार्यालयाच्या मंचावर गेली आहे. एकसारख्या नऊवारी नेसलेल्या, तालमी घेतलेल्या, बहुधा पन्नाशी ओलांडलेल्या बायकांचे संघ आता सुनेची भूमिका करतात, आणि खऱ्या सुना खाली खुर्च्यांवर बसून त्यांची छायाचित्रे काढतात. खेळ पूर्वीपेक्षा देखणा झाला आहे यात शंका नाही. फुगड्यांचा वेग, पिंग्याची सफाई, सारे वाखाणण्याजोगे. स्पर्धेच्या नियमपत्रिकेत वेळेची मर्यादा, खेळांची किमान संख्या, वेषभूषेचे गुण यांची तपशीलवार कलमे असतात. सासूने कोठे बसावे याविषयी त्यात काही नसते.